दोन्ही कान दिसले पाहिजेत

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
जखमी जनावरांचा दवाखाना आहे.
तिथे माझं काम एवढंच : फोटो काढायचा.
आधी अख्खा जीव, मग जखम,
मग जखमेशेजारी पट्टी ठेवून पुन्हा जखम.
पट्टी लेकीच्या कंपासमधली, पंधरा सेंटिमीटरची,
कर्कटकानं कोरलेलं नाव : धम्मदीपा.
ही पट्टी काही बांधत नाही. मोजते.

संक्रांतीच्या आठवड्यात घारीच घारी.
नायलॉनचा मांजा पंखाच्या सांध्यात शिरला
की हाड लागेपर्यंत थांबत नाही.
उईके एका हातानं पाय धरतो,
दुसऱ्यानं पंख उघडतो,
काडी मोडलेली छत्री उघडावी तसा, सावकाश.
आणि मी म्हणते, थोडं वर,
अजून थोडं, उजेड येऊ दे.

कॅमेरा आपणहून डोळा शोधतो.
मला जखम हवी असते,
तो डोळ्यावर जाऊन थांबतो, पिवळ्या, उघड्या,
ज्यात मी उभी असते, एक डोळा मिटून.

मग उईके खांद्यावरचा दुपट्टा
तिच्या डोक्यावर टाकतो.
‘दिसलं नाही का जीव थंडा होते, बाई.’
खरंच होतो.
तिचा होतो. माझा, काय सांगू.

इतवारीत एका ट्रंकेत सापडली सतरा कासवं,
पाठीवर तारे, तोंडाला चिकटपट्टी.
सतरांचेही फोटो काढले, वेगवेगळे,
कारण रजिस्टरमध्ये ‘इत्यादी’ चालत नाही.
एकदा पेपरवाल्यांचा फोन आला :
ताई, डोळ्यांत पाणी आणणारा एखादा आहे का?
मी म्हटलं, आमच्याकडे फक्त सेंटिमीटर आहेत.

एप्रिलमध्ये कंत्राटी माणसांची नवी ओळखपत्रं निघाली.
पांढरी भिंत. टोपी नको, चष्मा नको.
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
उईके तीन दिवस टाळत राहिला.
कधी पिंजरा धुवायचा होता, कधी मोटार बिघडली होती.
चौथ्या दिवशी आला, डोक्याला तेल लावून,
आणि स्टुलावर बसला, तळवे गुडघ्यांवर.

पारा पंचेचाळीसवर. अशा दिवसांत
सगळं नागपूर तोंड बांधून हिंडतं,
कोण काय झाकतंय कोण विचारतं?
सहा वर्षं मी त्याच्या शेजारी उभी होते.
त्यानं दुपट्टा सोडला, एक वेढा, दुसरा वेढा.
डावीकडे कान नव्हता.
होता एक चुरगळलेला कागद, कातडीचा.

‘देवलापारकडं. मोहफुलं वेचत होतो, अकरा वर्षांचा.
अस्वलाची काही चूक नाही, बाई.
तेबी खालीच पाहे, मीबी खालीच पाहो.’

मी कॅमेरा उचलला.
थोडं वर, म्हणायला गेले
आणि ते दोन शब्द तोंडात तसेच राहिले.
कॅमेरा आपणहून त्याच्या डोळ्यावर गेला.
तो हसला, अर्ध्याच तोंडानं :
‘पट्टी ठेवता का बाजूनं?’
आणि मग, न हसता :
‘नाहीतं डोयाले काही बांधा ना.’

तीन काढले. एकही हललेला नाही.

फोटो परत आला. अमान्य : कान दिसत नाही.
दुसऱ्यांदाही आला.
तिसऱ्यांदा पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं : कान अस्वलाकडे आहे.
मग खोडलं. मग लिहिलं : फोटो बरोबर आहे.

घरी लेक पट्टी मागते आहे,
उद्या भूमितीचा पेपर.
डेटॉलनं धुतली, पुसली, उजेडात धरून पाहिली.
सात आणि नऊच्या मधला आकडा
बोटांनी घासून घासून उडालाय.
‘मोजून घे गं तेवढा,’ म्हटलं.
‘असतो तो तिथेच.’